तराजूच्या पेटीवरची मतं

आमचा पक्ष कांद्याच्या मापातून निघाला. चाकणच्या बाजारात आडत्यांशी भांडणारे पाच-पंचवीस शेतकरी, शाळेची नोकरी सोडलेले एक मास्तर आणि तालुक्याचे चिटणीस म्हणून माझे यजमान, एवढाच तो पक्ष. स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक आली, मास्तर उभे राहिले आणि चिन्ह मिळालं तराजू.

ही बातमी आली तेव्हा निघोज्याला आमच्या ओसरीवर बसलेल्या माणसांना ते रुचलं नाही. तराजूनंच तर त्यांना जन्मभर नाडलं होतं. एक म्हातारा म्हणाला, "काटा मारनाऱ्याचं चिन्ह! त्याला आमी मत द्यायाचं व्हय?"

यजमान म्हणाले, "आता तराजू आपल्या हातात हाय, बाबा. मारा म्हनावं काटा."

पुरुषांची समजूत अशी पटली. बायकांकडे जाणारं कुणी नव्हतं. मी सातवी शिकलेली, त्यामुळे ते काम माझ्याकडं आलं. पुठ्ठ्यावर तराजू काढून मी निघोज्यात आणि शेजारच्या महाळुंग्यात घरोघर फिरले. यजमान सभेत सांगायचे, "मत तराजूच्या पेटीत टाका." मला ते 'टाका' खटकायचं. टाकतात तो केर, टाकतात ते उष्टं. जिला उभ्या आयुष्यात कुणी काही विचारलं नाही, तिला पहिल्यांदा विचारायचं आणि 'टाका' म्हणायचं? मी म्हणायचे, "मावशी, कागद तराजूत ठेवा." त्या मान डोलवायच्या आणि मागून घोकायच्या, "तराजूत ठिवायचा." माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तर चुलीपुढं बसूनही तेच पुटपुटायच्या.

मतदान महाळुंग्याच्या शाळेत होतं. बायकांची खोली वेगळी. कोपऱ्यात पडदा आणि त्यामागं लोखंडी पेट्या ओळीनं मांडलेल्या. जितके उमेदवार तितक्या पेट्या, प्रत्येकीवर ज्याचं त्याचं चित्र. बोटाला शाई लावून घ्यायची, नोटेएवढा कागद घ्यायचा, एकटीनं पडद्याआड जायचं आणि आपल्या चित्राच्या पेटीला वर फट असते तिच्यातून तो आत सोडायचा. खूण नाही, सही नाही. आमच्या पक्षातर्फे मी बाकावर बसले होते. शेजारी मोठ्या पक्षातर्फे चाकणच्या एका आडत्याची बायको. आम्ही एकमेकींशी सकाळपासून शब्द बोललो नव्हतो.

बायका येत होत्या. बाहेर पडताना कितीतरी जणी माझ्याकडं बघून हळूच हसत होत्या. मी मनातल्या मनात मास्तरांना निवडूनही आणलं होतं. मग मतदानाचे साहेब पेट्या बघायला पडद्याआड गेले आणि मूठभर कागद घेऊन बाहेर आले.

"हे बाहेर कसे राहिले?"

"कुठं होते?" मी विचारलं.

"तराजूच्या पेटीवर. झाकणावर नीट एकावर एक ठेवलेत."

"साहेब, ती आमचीच मतं आहेत."

"असतीलही. पण पेटीबाहेरचं मत धरता येत नाही." त्यांनी कागद पाकिटात घातले आणि पाकीट लाखेनं बंद केलं.

"मला बायकांना सांगू द्या. दोनच शब्द."

"तुम्हाला इथं बोलता येणार नाही. मी सांगतो."

साहेब चांगले होते. दारात उभे राहून ते स्वच्छ पुणेरी भाषेत म्हणाले, "मतपत्रिका पेटीच्या छिद्रातून आत सोडावी." परका पुरुष बोलतोय म्हटल्यावर रांगेतल्या बायकांनी पदर पुढं ओढले आणि माना खाली घातल्या. एकीनंही ऐकलं नसावं.

दुपारी आत्याबाईंचा नंबर आला. त्या पडद्याआड गेल्या तशी मी बाकाची कड घट्ट धरली. बाहेर आल्या, माझ्याजवळून जाताना थांबल्या आणि कुजबुजल्या, "ठिवलं गं. नीट ठिवलं."

तेवढ्यात पुरुषांच्या खोलीत आरडाओरडा झाला. कुणाच्या तरी नावावर दुसराच कुणी मत देऊन गेला होता. साहेब धावले. कारकून आमच्याकडं पाठ करून दाराशी जाऊन उभा राहिला. रांग थांबली. वाऱ्यानं पडदा हलला आणि मला दिसलं, तराजूच्या पेटीवर चार-पाच कागद. त्यातला एक आत्याबाईंचा.

आडत्याची बायको एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "जा की. फटीतून सरकवून ये. मी बघत न्हाई." आणि तिनं खरंच खिडकीकडं तोंड फिरवलं.

मी उठले. तीन पावलं. ही मला अडकवतेय की हिला माझी दया आलीय? सापडले तर सगळ्या केंद्राचं मतदान रद्द होईल, मास्तरांच्या नावाला बट्टा लागेल. नाही सापडले तर चार-पाच मतं. मी पडदा धरला. दारात कारकुनाची चप्पल वाजली. मी झटकन माघारी आले आणि बसले.

"भ्यालीस," ती खिडकीकडंच बघत म्हणाली.

"हो," मी म्हटलं. ते खरंच होतं. प्रामाणिकपणाचा त्यात काही भाग नव्हता.

साहेब परत आले आणि तेही कागद पाकिटात गेले.

मास्तर पडले. अनामत रक्कमही गेली. पण यजमानांना झोंबलं ते वेगळंच. महाळुंग्याच्या शाळेत बायकांच्या खोलीतल्या आमच्या पेटीत मतं अगदीच थोडी निघाली होती. आमच्या परड्यात येरझारा घालत ते म्हणाले, "तोंडावर व्हय म्हनाल्या आणि दगा दिला. तुझ्या मावश्या!"

शेंगा फोडत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "म्या तर तराजूतच ठिवलं."

यजमानांनी आईकडं पाहिलं. ती नजर मला सोसवली नाही. आपली आईसुद्धा खोटं बोलते, असं त्या नजरेत होतं. मी त्यांना विहिरीकडं घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. पडद्याचंसुद्धा.

ते म्हणाले, "तू 'ठेवा' म्हनायचीस?"

"हो."

"महिनाभर फिरलीस. मी एकदाही ऐकायला आलो न्हाई." परतताना घराच्या पायरीवर थांबून म्हणाले, "आईला कळू देऊ नको." आम्ही ते कधीच कळू दिलं नाही.

वर्षभरात मास्तर मोठ्या पक्षात गेले. आत राहून काम करतो म्हणाले. आडत्यांशी भांडणारे एकेक करून घरी बसले. पुढच्या निवडणुकीला मराठी राज्यासाठी सगळे विरोधक एक झाले. त्यांच्या जागावाटपात आमच्या पक्षाला एकही जागा आली नाही. तराजू गेला. तरी मी फिरले. तेलाच्या डब्याला फट पाडून घेतली आणि प्रत्येक बाईच्या हातानं तिच्यातून कागद आत सोडवला. तोंडानं काही सांगायचा मला धीरच होत नव्हता.

एकजुटीचा उमेदवार निवडून आला. चाकणला गुलाल उधळला. यजमान तेव्हा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागले होते. रजा काढून ते मिरवणुकीला गेले आणि गुलालानं माखून घरी आले.

"आलो निवडून आपण," ते म्हणाले.

"आपण म्हणजे कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. गुलाल कानामागं तसाच राहिला होता.

"पंचा दे," ते म्हणाले. "आणि उद्या पहिली पाळी हाय. लवकर उठव."