साहेबाच्या घरातली आमची भिंत

आधी माती आली. पहिल्यांदा मूठभर, माझ्या डोक्यावर. मग सुपानं ओतावी तशी. मी वर बघितलं तर माळवदाची मधली तुळई खाली झुकून राहिली होती. बाहेरून मजुरांचा मुकादम ओरडला, "ए म्हातारे, निघ! निघ की लवकर!" तोवर तो मला आजी आजी म्हणत होता.

मला उठता येईना. सकाळपासून मांडी घालून बसल्यानं पायांना मुंग्या आल्या होत्या. माझी सून चुलीपाशी होती. दार तिच्या हाताशी होतं. ती पळाली असती तर तिला कोणी नावं ठेवली नसती, मी पण ठेवली नसती. ती उलटी माझ्याकडे आली, मला बखोटीला धरून फरफटत भिंतीच्या कोपऱ्यात नेलं, आणि तेवढ्यात तुळई बसली. फळ्या, माती, मातीवर उगवलेलं गवत, सगळं एकदम आत आलं. भर दुपारी अंधार झाला.

हे कसं झालं ते सांगते, कारण पेपरात वेगळं आलंय. घरात आम्ही दखनी बोलतो. पण मी हिमायतनगरच्या शाळेत चौथीपर्यंत मराठी शिकले, म्हणून घरातलं बोलणंही मराठी करूनच लिहिते.

आमचं घर गावाबाहेर माळावर आहे, चाकूरकडून येणारा रस्ता वळतो तिथं. लोक त्याला साहेबाचं घर म्हणतात. साहेब म्हणजे गोरा साहेब. निजामाच्या राज्यात मुलूख मापायला आला होता, नकाशा करायला. दगडाच्या भिंती, वर फळ्या-मातीचं सपाट माळवद, असं हे घर त्याच्यासाठी बांधलं. पुढं तो उत्तरेकडे गेला. बर्फाच्या डोंगरात, जिथं त्याच्या लोकांपैकी कोणी पोचलं नव्हतं तिथं शिरला आणि वाटा शोधून काढल्या. त्याचं मोठं नाव झालं. पुस्तकं झाली. तिकडे राहणाऱ्या लोकांना त्या वाटा आधीपासून माहीत असणारच, पण ते असो. आमच्या माळावर तो एक पावसाळा होता, आणि त्यातला बराचसा तापानं फणफणत अंथरुणात होता. एवढाच त्याचा आणि या घराचा संबंध.

आमचा संबंध असा. साहेबाची मापाची साखळी ओढायला माणसं होती, त्यांना खलाशी म्हणायचे. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा पणजा, नाहीतर पणज्याचा बाप. नक्की कोण ते आता कोणाला सांगता येत नाही. माळाच्या टोकाला साहेबानं मापाच्या खुणेचा एक दगड रोवला होता. जाताना तो खलाशाला म्हणाला, मी परत येतो, तोवर दगड सांभाळ. साहेब परत आला नाही. खलाशी राहिला. त्यानं बायको आणली, लेकरं झाली, लेकरांना लेकरं झाली. अजून दर साल रमजान ईदच्या आधी आम्ही घराला चुना लावतो तेव्हा दगडालाही लावतो. नवी नवरी होते तेव्हा मी सासूला विचारलं होतं, दगडाला कशाला? ती म्हणाली, "आपला हाय म्हणून." मला पटलं.

आता भिंतीचं. साहेबाच्या वेळी घरात एकच मोठी खोली होती. माझ्या सासूचं आणि तिच्या जावेचं पटत नव्हतं. चुली वेगळ्या झाल्या, रांजण वेगळे झाले, तरी भांडण मिटेना. शेवटी दोघा भावांनी मधोमध भिंत घालायची ठरवलं. आमच्याकडे वाटणी म्हणजे घरात भिंत, दुसरी वाटणी कोणी ओळखत नाही. एक भाऊ इकडून, दुसरा तिकडून. एकमेकांच्या हातात दगड देत होते आणि हसत होते, आणि दोघींच्या शिव्या चालू होत्या. भिंत छातीइतकी झाली तेव्हा भाऊ म्हणाले, बास. सासू म्हणाली, "मला तिचं तोंडच काय, आवाज बी नको." मग भिंत वर वर नेली आणि तुळईला टेकवली. तरी आवाज यायचाच. पुढं जावेचं बिऱ्हाड नांदेडला गेलं. भिंत राहिली. तिच्या अलीकडे माझी चूल, पलीकडे आम्ही झोपतो. मुलाचा जन्म त्या भिंतीला पाठ टेकून झाला. नवरा गेला तेव्हा त्याला तिथंच टेकवून शेवटचं पाणी पाजलं होतं.

घर बघायला माणसं यायची. कॉलेजातली पोरं, कधी गोरे लोक, गळ्यात कॅमेरे. "साहेब कुठं झोपायचा?" मी चूल दाखवायची. त्यांची तोंडं पडायची. एकानं विचारलं, चूल थोडी बाजूला घेता का, फोटो काढायचाय. मी म्हणाले, तूच बाजूला हो, भाकर करपतीय.

मग लातूरला समिती झाली. घराचं स्मारक करायचं. समितीचे अध्यक्ष मोठे हुद्देदार होते, आता घरीच असतात. त्यांनी साहेबाच्या पुस्तकातलं चित्र आणलं. साहेबानं स्वतः काढलेलं. एक खोली, त्यात खाट, टेबल, दिवा, आणि दारात खांद्यावर साखळी घेतलेला माणूस.

"हा कोण?" मी विचारलं.

अध्यक्षांनी खालचं इंग्रजी वाचलं. "नोकर, असं लिहिलंय."

"नाव?"

"नाव नाही."

साहेबाच्या तापाचं पुस्तकात दोन पानं वर्णन आहे म्हणे.

अध्यक्षांचं म्हणणं, घर या चित्रासारखं करायचं. नंतर झालेलं सगळं काढायचं. माझी चूल, कोनाडे, न्हाणी, आणि ती भिंत. आणि आम्ही. आम्हाला गावात घरकुल मिळणार होतं, दोन खोल्या, नळ, संडास.

"आजी, ही भिंत नंतरची आहे," ते म्हणाले.

"मी बी नंतरचीच हाव. मला बी पाडता का?"

"साहेबाच्या वेळी ती नव्हती हो."

"साहेबाच्या वेळी तुमचा लातूर जिल्हा बी नव्हता."

ते हसले. शिकलेली माणसं ऐकून घेतात आणि मग आपल्या मनासारखंच करतात.

माझा मुलगा रिक्षा चालवतो. त्यानं हो म्हणून टाकलं होतं, मला न विचारता. सुनेला तर घरकुल पाहिजेच होतं. ती उमरीची, माहेरी नळ होता. लग्न झाल्यापासून माळ चढून पाणी आणून आणून तिचा जीव विटला होता. ती मला तोंडावर म्हणायची, "अम्मी, तुम्हाला साहेबाचा लई पुळका. तुम्ही बसा त्याच्या उशाशी. मला नळ पाहिजे." मी म्हणायची, "मला साहेबाचा काडीचा पुळका न्हाई. घर माझं हाय, तो पाहुणा होता." यावर ती भांडी आपटायची. दोघींचं बोलणं महिना महिना बंद असायचं. तेव्हा भिंतीचा उपयोग कळायचा.

काम सुरू झालं त्या दिवशी मुलानं सामान रिक्षात भरून घरकुलात नेलं. मी गेले नाही. स्वयंपाकाच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसले. अध्यक्ष आले, समजावलं, घड्याळ बघितलं, परत समजावलं. मग मुकादमाला म्हणाले, "तुम्ही पलीकडून सुरू करा. वरचे दगड आधी उतरवा. धूळ उडाली की उठतील." आणि गाडीत बसून जेवायला गेले.

माझ्या पाठीला हिसके बसत होते. पलीकडे एकेक दगड काढत होते. भिंत माझ्या पाठीमागं वरून कमी होत होती. मी मोठ्यानं म्हणाले, "काढा. किती काढता बघते."

दुपारी सून मला न्यायला आली. "चला आता. लोक हसून राहिलेत."

"हसू दे."

"सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"मला भूक न्हाई."

"तुम्हाला नसंल. पण तुम्ही चक्कर येऊन पडलात तर तुमचा मुलगा मलाच बोलंल ना." असं म्हणून तिनं रागारागानं चूल पेटवली. पीठ तेवढं डब्यात राहिलं होतं. ती भाकर थापत होती तेव्हा पहिली मूठभर माती माझ्या डोक्यावर पडली.

आता लोक मला शहाणी ठरवतात. म्हणतात, म्हातारीला ठाऊक होतं की भिंतीवरच तुळई पेललेली आहे. नव्हतं. तुळई मधे कधी चिरली, सालोसाल वर नवी माती टाकून माळवद कधी इतकं जड झालं आणि भांडणाची भिंत त्याचा टेकू कधी झाली, हे मला ठाऊक नव्हतं, मुलाला नव्हतं, समितीला नव्हतं. ठाऊक असतं तर मी तिच्याखाली बसले असते का? मी बसले ते भिंत आमची म्हणून. तेवढं कारण मला पुरत होतं. आजही पुरतं.

भिंत तोवर छातीइतकी उरली होती. तुळईचं तुटलेलं टोक तिच्यावर अडलं आणि खाली कोपऱ्यात दोन माणसं मावतील एवढी पोकळी राहिली. सून माझ्या अंगावर होती. तिच्या हाताला पीठ होतं, ते माझ्या तोंडाला लागत होतं. तिला वाटलं मी मेले.

"अम्मी, बोला काहीतरी."

"भाकर जळाली," मी म्हणाले.

ती रडायला लागली. मी म्हणाले, रडू नको, हवा कमी आहे.

बाहेर काढलं ते मुकादमानं आणि त्याच्या माणसांनी, हातानं माती उपसून. मुकादमाच्या बोटांतून रक्त येत होतं. तो मला म्हातारे म्हणाला ते मी सोडून दिलं. अध्यक्ष जेवून आले तेव्हा आम्ही बाभळीखाली बसलो होतो, नखशिखांत पांढऱ्या. सुनेचा हात मोडला होता. मुलगा रिक्षा घेऊन आला आणि आम्हाला दवाखान्यात नेलं. 

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, सुनेनं वाचून दाखवलं. जुन्या रहिवाशांनी केलेल्या बेकायदा बांधकामामुळं ऐतिहासिक वास्तू कमकुवत झाली होती. काम चालू असताना एक भाग कोसळला. वास्तू रिकामी असल्यामुळं जीवितहानी टळली.

सुनेनं ती ओळ परत वाचली. मग विचारलं, "रिकामी?"

तिनं पेपर माझ्यापुढं धरला.

"अम्मी, घर रिकामं होतं?"

अध्यक्ष मोसंब्या घेऊन घरकुलात आले. नळ चालू होता, संडास होता, सगळं होतं. ते म्हणाले, "पेपरवाले आपल्या मनानं लिहितात. तुम्ही विषय वाढवू नका."

प्लास्टरातला हात छातीशी धरून सून म्हणाली, "कोणता विषय? आम्ही आत होतो, हा?"

"तसं नव्हे. पण तुम्हाला बाहेर काढलेलं होतं, कागदावर. तुम्ही आत असायला नको होतं."

"आमचा जन्म गेला आत. तुमचा साहेब एक पावसाळा पडून होता तर त्याचं स्मारक, आणि आम्ही नव्हतोच?"

तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, माझ्याशी भांडण सोडून. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी तिला गप्प करीन. मी मोसंबी सोलत होते.

"आजी, ते घर आता धोक्याचं आहे. निम्मं पडलंय."

"निम्मं उभं हाय," मी म्हणाले. "आम्ही बी दोघीच हाव, पुरतंय."

हात बरा व्हायच्या आत सुनेनं सामान बांधायला काढलं. मुलगा चिडला. म्हणाला, नळ नळ करून माझा जीव खाल्लास, आता नळ आहे तर? ती म्हणाली, "नळ इथं राहू दे. आम्ही आत होतो, हे लिहून आलं की बघू." तो दिवसभर रिक्षा घेऊन कुठंतरी फिरला. संध्याकाळी आला तेव्हा टपावर पत्रे बांधलेले होते.

पडलेल्या बाजूला पत्रे आहेत. चूल तिथंच आहे. भिंत मुलानं आणि मी मिळून परत वर नेली, या वेळेला मधे लोखंडी खांब घालून. समितीची नोटीस आली आहे. आम्ही उत्तर दिलं नाही. सून पाण्याला माळ उतरते आणि वर येताना समितीला शिव्या देते, आधी मला द्यायची.

घर बघायला अजून माणसं येतात. साहेबाबद्दल विचारतात, तर जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते. काहींनी पेपर वाचलेला असतो. ते विचारतात, पडलं तेव्हा घर रिकामं होतं ना?

रिकामं नव्हतं. आत मी होते आणि माझी सून होती. दोघी जिवंत आहोत.