येऊन राहिले

मी गुरुजी माणूस. सीमेपलीकडच्या हिंदी राज्यात, सौंसर तहसिलीत, रामाकोन्याच्या पलीकडच्या एका खेड्यात, दोन खोल्यांच्या मराठी शाळेत शिकवत होतो. पांढुर्णा जिल्हा झाला आणि थोड्याच दिवसांत आम्हाला सुधारणारी मंडळी आली. पाच जण. सगळे पंचविशीच्या आतबाहेर, मोठमोठ्या कॉलेजांतून निघालेले, एकाच भाड्याच्या घरात राहणारे आणि एकमेकांच्याच मताला माना डोलावणारे. कुठल्याशा संस्थेनं पाठवलं होतं. लहान शाळा मोठ्या शाळांत मिसळायच्या, हे त्यांचं काम. कोणती शाळा ठेवायची, कोणती बंद करायची, हे त्यांच्या टॅबवर ठरणार होतं. पिकल्या केसांचे साहेबसुद्धा त्यांच्यासमोर सावरून बसत.

इतिहास वाचायची मला खोड आहे. शंभरावर वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला इंग्रजांनी लढाई जिंकली, तेव्हा तिथल्या गोऱ्या साहेबानं असाच एक कंपू जमवला होता. विद्यापीठातून निघालेले हुशार तरुण, बहुतेक बिनलग्नाचे. त्यांनी एका अख्ख्या देशाची घडी बसवायला घेतली, आणि तेवढ्यानं हात शिवशिवायचे थांबेनात म्हणून पुढे साऱ्या साम्राज्याचीच. लोक त्यांना चिडवून बालवाडी म्हणत. आमच्या पाहुण्यांना मी तेच नाव दिलं. ते आठवडी बाजारापर्यंत पोचलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

एके दिवशी बालवाडी आमच्या शाळेत आली. त्यांतला एक पुण्याचा होता. त्याला मराठी येतं म्हणून भाषेचा सगळा कारभार त्याच्याकडे. त्यानं दुपारचं जेवण रांधणाऱ्या आमच्या बाईंना विचारलं. त्यांची नात आमच्याच शाळेत दुसरीत होती.

“मावशी, मुलं नियमित येतात का?”

“येऊन राहिले नं बाप्पा! रोज येऊन राहिले.”

“सगळी?”

“हाव, सगळेच पोट्टे येऊन राहिले.”

आता आमच्याकडे ‘जेवून राहिलो’ म्हणजे घास अजून तोंडात आहे. पण पुण्याच्या मराठीनं कपाळाला आठ्या घातल्या, खोल विचार केला आणि टॅबवर लिहिलं, ‘मुले येथे येऊन राहिली आहेत.’ मग खालच्या चौकटीत खूण केली: निवासी शाळा.

मी त्याच्या मागेच उभा होतो. सगळं वाचलं. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण म्हटलं, होऊ दे फजिती. मोठे आले शहाणे! पुढचे पंधरा दिवस नाल्यापलीकडच्या लोधीखेड्याच्या चहाच्या टपरीवर मी हा किस्सा हातवारे करून सांगत होतो. लोक पोट धरून हसत.

मग वरून पत्र आलं. निवासी शाळेत खाटा नाहीत, न्हाणीघर नाही, रात्रीचा रखवालदार नाही. मुलांच्या जिवाला धोका. सबब शाळा बंद करून मुलं लोधीखेड्याच्या हिंदी शाळेत पाठवावीत.

तडक पांढुर्ण्याला गेलो. वाटेत बसमध्ये साम्राज्यावरचं एक झणझणीत भाषण मनात जुळवलं होतं. पुण्याच्या त्या पोरानं स्वतः उठून मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“अरे बापरे. सर, पण यादी वर गेली. पोर्टल लॉक झालंय.” मग हळूच म्हणाला, “तुम्ही तिथंच उभे होतात ना?”

मी परतीची बस धरली. महिन्याभरात त्या पाचांनी केक कापला, फोटो काढले आणि दुसरा जिल्हा सुधारायला गेले.

त्या आफ्रिकेतल्या कंपूनं देश घडवताना तिथल्या काळ्या माणसांना विचारलं नव्हतं. हे मी वर्गात तावातावानं सांगायचो. आमच्याकडे तर येऊन विचारलं होतं, आणि उत्तर माहीत असलेला माणूस मागे उभा राहून गालातल्या गालात हसत होता. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

आता मी लोधीखेड्याच्या शाळेत हिंदीत शिकवतो. परवा बसथांब्यावर त्या बाई भेटल्या. शाळेबरोबर त्यांचं कामही गेलं. मी नातीचं विचारलं, वर्गात दिसत नाही म्हणून.

“कुठं येऊन राहिली सर आता! मधात नाला हाय. येवढ्याशा पोरीले एकटी कशी धाडू?” मग बाईंनी विचारलं, “तुमाले तं तवाच समजलं होतं नं? टपरीवर तुमीच सांगत होते म्हन्तात. मंग त्याले बोलले काऊन नाही?”

“मी गंमत पाहून राहिलो होतो, बाई.”

याचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागला नाही. बस आली. त्यांनी पिशवी उचलली आणि माझ्याकडे न पाहता चढून गेल्या.