सोड्याचा थर पकडणारे पुंडलिकभाऊ

महाविद्यालयातल्या माझ्या पहिल्याच दिवशी माझ्या हातून चंचुपात्र फुटले. प्रयोगशाळा परिचर श्री. पुंडलिकराव मेश्राम धावत आले. काचांकडे त्यांनी पाहिलेही नाही. "ताई, आधी हात दाखवा. कापलं तं नाही?" पुंडलिकभाऊंची आणि माझी ओळख झाली ती अशी. आज ते साठ वर्षांचे होत आहेत. यवतमाळच्या आमच्या रसायनशास्त्र विभागाने त्यांच्यासाठी गौरवग्रंथ काढावा, याचा मला, त्यांच्या एका विद्यार्थिनीला, मनापासून अभिमान वाटतो. विद्यार्थिनी हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे.

पीएच.डी.साठी मी तांबे आणि मँगनीज यांचे मिश्र ऑक्साइड तयार करत होते. विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करणारा हा उत्प्रेरक. दोन्ही धातूंच्या क्षारांच्या द्रावणात सोडा घालायचा, तळाशी बसणारा साका पाण्याने धुवायचा आणि भट्टीत भाजून त्याची भुकटी करायची. पावसाळ्यात केलेली भुकटी उत्तम चालली. उन्हाळ्यात त्याच कृतीने केलेली जवळजवळ निकामी निघाली. दोन्हींत तांबे-मँगनीजचे प्रमाण मात्र तंतोतंत सारखे. आढावा बैठकीत एका सदस्यांनी सरळच विचारले, "पहिले आकडे खरे आहेत ना?" मार्गदर्शक सरांनी कशीबशी महिनाभराची मुदत मागून घेतली. मी दोन दिवस कळंबला घरी गेले.

परत आले तेव्हा पुंडलिकभाऊ बाटल्या पुसत होते.

"ताई, रागावणार नसान तं एक सांगू?"

"सांगा."

"पावसाळ्यात साका म्याच धुतलता. उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस येत नव्हता, म्हून तुमी दोनच पाण्यात धुवून भट्टीत टाकून राह्यल्या होत्या. सोडा राह्यला असन त्याच्यात."

मी चिडले. "भाऊ, कणभर सोड्याने काय होणार?"

"मले काय मालूम? पण करून पाहाले काय जाते?"

ते शांतपणे म्हणाले, आणि मला माझीच लाज वाटली.

नळाच्या दिवशी भाऊ पहाटेच आले आणि त्यांनी ऊर्ध्वपातित पाण्याचे कॅन भरून ठेवले. आम्ही एकाच साक्याचे दोन भाग केले. पहिला भाग दोनदाच धुतला. दुसरा, धुवणाचे पाणी लाल लिटमसला निळे करेनासे होईपर्यंत, भाऊंनी स्वतः धुतला. दोन्ही एकाच भट्टीत भाजले. चांगला धुतलेला भाग पहिल्याच चाचणीत जोमाने चालला, दुसरा ढिम्म! मग चांगल्या भुकटीत मुद्दाम किंचित सोडा मिसळून ती पुन्हा भाजली, तर तीही मंदावली. नमुने बाहेरगावी पृष्ठभागाच्या तपासणीला पाठवले. उत्तर आले: भाजताना उरलेले सोडियम वरच्या अणुथरांत गोळा होते आणि वायूला जागाच देत नाही. अभिक्रिया घडते ती पृष्ठभागावर. आम्ही मोजत होतो ते सगळ्या भुकटीतले प्रमाण.

पुढच्या बैठकीत त्याच सदस्यांनी सर्वांसमोर माझे अभिनंदन केले.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, "हे प्रथम कोणाच्या लक्षात आले?" मी नाव सांगितले. सरांनी भाऊंना बोलावून घेतले. ओल्या हातांनी ते दारात उभे राहिले. परीक्षक उठले आणि आपली खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा."

"नाही साहेब, भट्टी चालू हाय," भाऊ म्हणाले. सभागृहभर टाळ्या वाजत राहिल्या. शोधनिबंधावर लेखक म्हणून त्यांचेही नाव छापून आले. तो अंक ते आपल्या गावी, बोरी अरबला, घेऊन गेले आणि त्यांनी तो आपल्या आईंच्या हातात दिला.

त्यानंतर आमच्या विभागातला एकही साका त्यांच्या होकाराशिवाय भट्टीत गेलेला नाही. प्राध्यापक घाईत असले तरी भाऊ नम्रपणे सांगतात, "अजून एक पाणी लागते, सर." आणि सर थांबतात. मीही थांबते.

पुंडलिकभाऊंना उत्तम आरोग्य लाभो, गुडघे साथ देवोत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथातही लिहिण्याचा मान मला मिळावा, आणि तो लेख छापायला जाण्यापूर्वी भाऊंनी चष्म्याशिवाय वाचून त्यातल्या चुका मला दाखवाव्यात.