डाव्या पिळाची जुडी

“पाजलास! सख्ख्या बहिणीला संडासातला चहा पाजलास!”

आत्या आमच्या अंगणात उभी राहून ओरडत होती. अर्धा कप तिच्या पोटात गेला होता. उरलेला अर्धा तिनं डाव्या हातानं असा भिरकावला, की तो कुंपणापलीकडं झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर पडला. कुत्रं त्या दिवशी गाव सोडून गेलं, ते परत आलं नाही. आत्याचा आवाज मुळातच दांडगा. कळंबात तिनं घरातून सुनेला हाक मारली, की स्टँडवरचे प्रवासी आपलीच गाडी लागली समजून पिशव्या उचलायचे. त्या दिवशी तर तिचा आवाज ढोकीच्या कारखान्यापर्यंत गेला आणि पाळी सुटली समजून कामगार घराकडं निघाले, असं आमच्या गावात अजून सांगतात. सांगणारा मीच आहे, पण सांगतात.

झालं होतं एवढंच, की दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, घरामागं गोबरगॅस बांधला होता. आमच्या एकुलत्या एक म्हशीच्या शेणानं त्याचं पोट भरेना, म्हणून घरचा संडासही त्यांनी त्यालाच जोडून टाकला. जमिनीत टाकी, टाकीतून नळी स्वयंपाकघरात आणि नळीच्या टोकाला शेगडी. तिच्यावर निळी, देखणी ज्योत. त्या ज्योतीवरचा पहिला चहा दादांनी थोरल्या बहिणीला दिला. तिथवर ठीक होतं. पण दादांच्या पोटात काही राहत नसे. आत्यानं दुसरा घोट घेतला आणि हे मांडी थोपटत म्हणाले, “अक्का, वळख बरं, ह्यो चहा कशावर झालाय?”

दादांचा एकच हट्ट होता: “ह्या घरातनं काय भाईर जाणार न्हाय.” अंघोळीचं पाणी केळीला. भांड्याचं अळूला. भांडी राखेनं घासायची, साबणानं अळू रुसतं. साली आणि देठं म्हशीला, म्हशीचं टाकीला, टाकीतून निघालेला काळा रबडा परसातल्या शेपूला, शेपू आम्हाला आणि आम्ही पुन्हा टाकीला. त्या रबड्यावर शेपू असा माजायचा, की एकदा त्यात शेळी शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिच्यामागं दोन करडं होती. दोडक्याचा वेल शेजाऱ्याच्या पत्र्यावरून जाऊन डांबरी सडकेला लागला होता. तो आडवा येतो म्हणून टेम्पोवाले हॉर्न वाजवायचे.

आल्यागेल्याला लोक चहा एकदा विचारतात. दादा चार वेळा पाजायचे आणि मग वाट बघत बसायचे. माझी सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांतले एक म्हातारे गृहस्थ रानाच्या दिशेनं निघाले, तर दादा तांब्या घेऊन त्यांच्या मागं पळाले. “आवं, हितंच बसा की. घरचंच हाय.” ती सोयरीक मोडली. दादांना वाईट वाटलं ते म्हाताऱ्यांचं. एवढा मजबूत माणूस, वाया गेला म्हणाले.

पण आत्याचं जे झालं, त्यावर त्यांना विनोद करता येत नव्हता. दादा रांगत होते तेव्हाच त्यांची आई गेली. त्यांना वाढवलं ते ह्या बहिणीनं, जिचं स्वतःचं वयही परकरातलं होतं. भाकरी करायला, पेंढ्या बांधायला, पोहायला, शिव्या द्यायला, सगळं तिनंच शिकवलं. स्वतःच्या लग्नात ती ह्यांना कडेवर घेऊनच बोहल्यावर चढली. नवऱ्याला काही वेळ कळेना, हार कुणाच्या गळ्यात घालायचा.

ती आत्या त्या चहानंतर आमच्या घरी जेवली नाही.

भाऊबीज तिनं चुकवली नाही कधी. कळंबहून एसटीनं यायची, भावाला ओवाळायची, त्याच्या तोंडात आपल्या घरचा लाडू कोंबायची आणि मग ओट्यावर बसून पिशवीतून स्वतःचा डबा आणि स्वतःची पाण्याची बाटली काढायची. दादांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. तिच्यासाठी अंगणात वेगळी चूल घातली, बाभळीची लाकडं आणली.

“आता तर गॅसचा संबंधच न्हाय, अक्का.”

“भाजी त्याच घाणीवरची हाय नव्हं?”

दुसऱ्या वर्षी भाजी बाजारातून आणली, भांडीही नवी आणली.

आत्या म्हणाली, “हात तर तुमचंच हायती.”

आई कधी कुणाशी भांडायची नाही, पण त्या दिवशी तिच्याही तोंडून निघालं, “अक्का, मग हात तुमचे लावा आन् तुमीच थापा भाकरी.” आत्यानं तिच्याकडं असं बघितलं, की चुलीतला जाळ खाली बसला.

दादा तरी दर वर्षी तिचं ताट वाढायचेच. ते झाकलेलं ताट तिच्या डब्यासमोर तसंच राहायचं आणि ती गेली की आई ते म्हशीला घालायची. म्हणजे शेवटी तेही टाकीतच.

अशाच एका भाऊबीजेला आत्यानं डबा उघडला, तर आत शेपू. ती दादांना चिडवत म्हणाली, “बाजारात एक बाई बसती वडाखाली. तिच्याकडं असतुय बग शेपू. तुज्या त्या रबड्यावर काय येतंय?”

दादांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. मला वाटलं, आता हे तोंड उघडणार. नाही उघडलं.

कळंबच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी उजाडायच्या आत त्यांनी परसातला शेपू कापला आणि जुड्या बांधल्या. रबर नाही, सुतळी नाही. केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, पट्टी घ्यायची, जुडीभोवती फिरवायची, डाव्या बाजूला पीळ द्यायचा आणि टोक आत खोचायचं. दादांचं सगळं काम उजव्या हाताचं, हा पीळ तेवढा डावा. आई म्हणायची, “सरळ मारा की, सुटंल.” कधी सुटली नाही.

मोटरसायकलवर मागं मी जुड्या धरून बसलो. वडाखालच्या बाईपुढं दादांनी माल ठेवला आणि बजावलं, “कुठला म्हणून कुणाला सांगू नगंस.” मग आम्ही समोरच्या हॉटेलच्या आडोशाला उभे राहिलो. आत्या आली. बाकीच्या जुड्या बाजूला सारून तिनं आमच्यातल्या दोन उचलल्या, नाकाला लावल्या, उलटसुलट बघितल्या आणि पिशवीत टाकल्या. दादांनी माझा दंड असा दाबला, की तो हात अजून थंडीत दुखतो.

तेव्हापासून हिवाळाभर दर बाजाराला तेच. आणि भाऊबीजेला ओट्यावर आत्याचा डबा उघडायचा, आमच्याच परसातला शेपू आमच्याच घरी परत यायचा आणि दादा तिच्यासमोर पाय दुमडून बसायचे.

“कसा झालाय, अक्का?”

“बरा हाय. तुज्याकडचा असता तर ओकले असते.”

दादा हसायचे आणि तोंड धुवायला केळीकडं जायचे. बराच वेळ तोंड धुवायचे. ज्या माणसाला म्हैस गाभण राहिल्याचं चावडीवर सांगितल्याशिवाय झोप येत नव्हती, त्यानं ही एक गोष्ट पोटात ठेवली. शेवटच्या दुखण्यातही आत्या उशाशी बसली होती, तेव्हा त्यांचे ओठ दोनदा हलले. मला वाटलं, सांगतात. पाणी मागितलं.

दादा गेले, मग म्हैस गेली. टाकी कोरडी पडली. आईला मी पुण्याला घेऊन आलो. आता आमचा गॅस भिंतीतून येतो, कुठून ते मला ठाऊक नाही. अंघोळीचं पाणी नळीतून कुठं जातं तेही ठाऊक नाही. सकाळी घंटागाडी येते आणि आई भाजीची देठं टाकताना हात थोडा मागं घेते. आमच्या घरातून आता सगळं बाहेर जातं. गावी थंडीच्या दिवसांत ती निळी ज्योत शिंकायची, मरायला टेकायची आणि दादा म्हशीला जाऊन “बाई, जरा मनावर घे” म्हणायचे. ताटाखाली शेपू लपवणारा मी, आता मंडईत शेपूचा वास आला की उभा राहतो. जुडी उचलून बघतो. रबर असतं.

परवा कळंबला आत्याकडं गेलो. आवाज पार बसलाय तिचा. सून आता जवळ येऊन कान देते. मला बसवून तिनं स्वतः वाढलं, भाकरी आणि शेपू.

“चव न्हाय त्याला,” तीच म्हणाली. “आता तसा मिळत न्हाय.”

मला राहवलं नाही. शेवटी मी दादांचाच मुलगा. आधी तांब्या तिच्या डाव्या हातापासून लांब सरकवला आणि मग सांगितलं. वडाखालची बाई, जुड्या, टाकीचा रबडा, सगळं. कुत्र्याचं आणि शेळीचं मी थोडं वाढवलं असेल, पण हे जसं होतं तसं सांगितलं. आणि कौलं उडायची वाट बघत बसलो.

आत्या भाकरीचा पापुद्रा सोलत होती.

“मला ठाव हाय,” ती म्हणाली. “पेंढीचा पीळ म्याच शिकवला त्याला. डावखुऱ्या बाईनं शिकवल्यावर डावाच पडणार.”

“पयल्यापासनं ठाव होतं?”

“व्हय.”

“मग आत्या, तुमी त्यांना एकदा तरी सांगायचं. लई वाट बघितली वो त्यांनी.”

तिनं माझ्या ताटात अजून थोडा शेपू वाढला.

“त्यानं गावभर केलं असतं,” ती म्हणाली. “जेव.”