बदामी बूच

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात गरम तेलाचे पंप तयार होत. पंपाच्या न वापरलेल्या तोंडांना लोखंडी बूच बसवलं की ॲल्युमिनियमचे आटे खराब व्हायचे, म्हणून प्लॅस्टिकचं, आट्यांचं बूच हवं होतं. ते निवडायला बडोद्याच्या मुख्य कचेरीतून एक इंजिनिअर आला. बूच ठरलं की तो परत जाणार होता. तपासणीचं काम माझ्याकडं होतं.

पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागून खाल्ली, आणि माझं कामातलं लक्ष उडालं ते उडालंच.

थंड असताना सगळीच बुचं शहाण्यासारखी बसत. तेल तापलं की त्यांचे खरे रंग दिसत. नायलॉनचं मऊ पडलं. टेफ्लॉनचं तापून दबलं आणि थंड होताना सैल झालं. बुचाभोवती आम्ही खडूची पूड फासायचो. तेल झिरपलं की पांढऱ्यावर काळसर डाग उमटायचा. डाग दिसला की इंजिनिअर कपाळाला हात लावी. मी तोंड पाडून म्हणे, "पुन्हा बघावं लागेल, सर." मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत असत. कारखान्याचं नुकसान होवो, पण हा माणूस इथंच राहो, इतकी मी वेडी झाले होते.

मग एक महागडं, बदामी रंगाचं बूच आलं. दुपारभर तेल तापवलं. आमचे म्हातारे फिटरमामा लांबूनच ओरडले, "ताई, बसलं बगा! लई गच्च हाय, आता नाय गळायचं."

मी वाकले. एवढासा तरी डाग दिसावा म्हणून डोळे फाडून बघत राहिले. तो मागं उभा होता.

"काय म्हणता, मॅडम?"

"थोडं थांबू या."

पंप थंड केला, पुन्हा तापवला. खडू पांढराच राहिला. खोटं बोलायला जीभ रेटेना, आणि मनातलं खरं बोलायची हिंमत नव्हती. जे तोंडून निघालं ते पंपाबद्दलचं होतं.

"कोरडं आहे, सर."

"मग झालं तर," तो म्हणाला. थोडा वेळ तिथंच उभा राहिला आणि मग सामान आवरायला गेला. दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी होती.

पुढं कित्येक वर्षं मी त्याच बुचाचे पंप तपासले. बुचात खोट निघाली तर त्यालाच बोलावणार, असं ठरलेलं होतं. दर पंपापाशी वाकताना मी म्हणे, निदान हा तरी गळू दे.

एकही गळला नाही.