तंबूवाल्यांचे बूट

तंबूवाल्यांनी आयुष्यात एक रात्रही तंबूत काढली नव्हती. अठरा वर्षं ते तंबू, होड्या आणि पावसाळी जाकिटांच्या दुकानात काउंटरमागे उभे होते. गिऱ्हाइकं सहलीहून परतली की काउंटरवर टेकून किस्से सांगत आणि तंबूवाले ते ऐकून ठेवत. पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचताना त्यातले 'एक गृहस्थ' गळून पडत आणि तिथे 'मी' येऊन बसे. धंद्यात एवढं चालतं. पण दुकानाचं शटर पडलं म्हणून जीभ थांबत नाही. किस्से घरी आले. अकरा दिवस सलग पावसात काढले, होडी उलटली तरी वल्हं सोडलं नाही, कोल्ह्याने पाव पळवला तर त्याच्या मागे नुसत्या टॉर्चवर धावलो, असे एकेक.

बायको ते ऐके आणि रविवारी धाकट्या बहिणीला फोनवर ऐकवे. "आमचे हे..." अशी तिची सुरुवात असे. बहिणीचा नवरा मोठी गाडी, दोन मजली घर आणि दर दोन वर्षांनी बढती असा सगळा थाट बाळगून होता. त्यासमोर मांडायला हिच्याकडे 'आमचे हे' एवढंच होतं.

वर्षातून एकदा दुकान तंबूवाल्यांना दोन दिवस डोंगरात प्रशिक्षणाला पाठवी. प्रशिक्षण म्हणजे हॉटेलचा हॉल, पडद्यावर चित्रं आणि मधल्या सुट्टीत बिस्किटं. घरी आल्यावर मात्र ते सोफ्यावर पाय लांब करत आणि "या खेपेला जरा अंगावरच आलं" म्हणत.

आणि मग साडूंचा फोन आला. "दादा, उन्हाळा लागला की आपण चौघं तळ्यावर जाऊ. आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्हीच शिकवा. तंबूही तुम्हीच आणा."

तंबूवाल्यांनी गुडघ्याचं कारण काढून पाहिलं.

"होडी उलटली तेव्हा नव्हता दुखला," बायको म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

दुकानात कोरे तंबू ढिगाने होते, पण तंबूवाल्यांनी मालकांकडून मागून घेतला तो मधोमध मांडलेला नमुन्याचा तंबू. त्याच्यावर हात बसला होता. डोळे मिटून चार मिनिटांत उभा करीत, गिऱ्हाइकं घड्याळ लावून बघत.

तळ्यावर पोचले तेव्हा ऊन होतं. काठावरच्या माणसाकडून दोन होड्या घेतल्या. एकीत बहिणी बसल्या, दुसरीत साडू आणि तंबूवाले. वल्हं कसं मारायचं हे तंबूवाल्यांनी दुकानातल्या गालिच्यावर होडीत बसून हजारदा दाखवलं होतं. मात्र गिऱ्हाईक नेहमी उजवीकडे उभं राहत असल्याने ते उजवीकडूनच दाखवत, आणि गालिच्यावरची होडी काही वळत नाही. पाण्यावरची वळली. पुन्हा वळली. तिसऱ्या गिरकीला साडूंनी अदबीने विचारलं, "दादा, असंच असतं का?"

"वाऱ्याचा अंदाज घेतोय," तंबूवाले म्हणाले.

तोवर बहिणी हसत-खिदळत पलीकडच्या काठाला लागून परतही आल्या होत्या.

मग पाऊस आला. 'उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगरात पाऊस धरूनच चला' हे वाक्य म्हणून तंबूवाल्यांनी आजवर शेकडो जाकिटं खपवली होती. स्वतःचं जाकीट ते घरी विसरले होते, कारण विकणाऱ्याने आपल्याच बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो. सगळे घाईघाईने काठावर आले. इथे मात्र तंबूवाल्यांची छाती फुगली. त्यांनी काठ्या जोडल्या, दोर ताणले, खुंट्या ठोकल्या. चार मिनिटांत तंबू उभा राहिला.

त्याला तीनच भिंती होत्या.

आतले खिसे आणि जाळी गिऱ्हाइकांना काउंटरवरूनच दिसावी म्हणून चौथी बाजू कुणीतरी फार पूर्वी शिवणीपासून कापून टाकली होती. अठरा वर्षं तंबूवाले रोज तिथूनच आत बघत होते. तिथे भिंत असायला हवी, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आता तिथून पाऊस सरळ आत येत होता.

साडूंनी तंबूकडे पाहिलं, मग तंबूवाल्यांकडे. मेहुणीने तोंडाला रुमाल लावला. तंबूवाल्यांनी तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांत ऐकलेल्या किश्शांपैकी एकही मदतीला येईना.

"मुद्दाम आणलाय तो," बायको शांतपणे म्हणाली. "तळं दिसावं म्हणून. मुरलेली माणसं असलेच वापरतात. हे तर उघड्यावरच झोपतात नेहमी."

"आम्ही आपले गाडीत झोपतो बाई," बहीण म्हणाली. "तुम्हीही चला ना, भाऊजी भिजतील."

"त्यांना सवय आहे," बायको म्हणाली.

साडू आणि मेहुणी गाडीकडे गेली. अजून उजेड होता. बायको आतल्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली आणि तिने तंबूवाल्यांना उघड्या बाजूला बसवलं, पावसाकडे पाठ करून. चौथी भिंत म्हणून ते बरे होते, अंगाने भरलेले. पाणी मानेवरून खाली उतरत होतं.

"तुला कधी कळलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पहिल्याच वर्षी. प्रशिक्षणाहून आलात तेव्हा बूट पुसायला घेतले. तळव्याला मातीचा कण नव्हता. किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच होती."

तंबूवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग बोलली का नाहीस कधी?"

"आणि दर रविवारी तिला काय सांगणार होते मी?"

अठरा वर्षं आपण हिला फसवतोय असं त्यांना वाटत होतं. तिने तोच माल जाणूनबुजून पुढे खपवला होता, आणि त्यांच्यापेक्षा सफाईने. त्यांना लाज वाटली, आणि तिच्याबद्दल मायाही दाटून आली. त्यांनी चिखलाने भरलेले बूट काढले आणि रुमालाने पुसायला घेतले.

"राहू द्या," बायको म्हणाली. "उद्या गाडीत बसताना दिसू देत तिला. आणि जरा डावीकडे सरका, पाणी येतंय."