कुंदाताईंची कप्पी

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही पाडव्याच्या स्वागतयात्रेच्या बैठकीत बसून त्यांच्याच मागणीवर वाद घालत होतो. मागणी दरवर्षीचीच. यात्रा मानपाडा रस्त्याच्या वळणावर, बुजवलेल्या विहिरीच्या जागी, एक मिनिट थांबावी. उत्तरही ठरलेलं. मागून ढोलपथकं येतात, नऊवारी नेसून दुचाकीवर निघालेल्या बायका येतात, मधेच थांबलं तर सगळं एकमेकांच्या अंगावर येईल. यात्रेची व्यवस्था पाहणारे विनायकराव हे मला समजावत होते आणि माझा मोबाइल वाजला. कुंदाताईंचे यजमान, अरुणकाका, बोलत होते. "सतीश, ही गेली रे..." एवढंच म्हणाले. त्याच सकाळी कुंदाताईंनी मला बजावलं होतं, की आज नुसतं ऐकून घेऊन परत येऊ नकोस.

आमचं इतिहास मंडळ तसं छोटं, निवृत्त माणसांचाच भरणा. इतर मंडळं चित्ररथावर किल्ले उभारतात, घोड्यावर राजे बसवतात. खरं सांगायचं तर मलाही घोडा हवा असायचा. कुंदाताई मात्र हातगाडीवर तीन बांबूंचं तिकाटणं उभं करून त्याला त्या विहिरीची जुनी लोखंडी कप्पी टांगायच्या. दोर, बादली, बस्स. विहीर बुजवली तेव्हा भंगारात निघालेली ती कप्पी त्यांनी मागून आणली होती. ताई, लोक आपल्याला प्लंबर समजतात, असं मी चिडवायचो. त्या हसायच्या, पण कप्पीला तेल घालू द्यायच्या नाहीत. करकरली की माणसं वळून बघतात, असं त्यांचं म्हणणं. एरवी वर्षभर ती त्यांच्या बाल्कनीत असे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळे भाजीची टोपली दोराने वर चढायची आणि करकर ऐकून अख्ख्या गल्लीला कळायचं. टोपली रिकामी मात्र कधी खाली यायची नाही. भाजीवाल्यासाठी तीत पाण्याची बाटली असायचीच.

या विहिरीचं एवढं काय, हे मी त्यांना एकदाच विचारलं. यात्रेहून हातगाडी ढकलत परतत होतो. बँकेत हयात गेलेली, मोजकं बोलणारी बाई, पण त्या दिवशी रस्त्याच्या कडेला थांबून बोलल्या. वडिलांच्या नोकरीसाठी त्यांचं कुटुंब डोंबिवलीत आलं, तेव्हा भाड्याच्या खोल्यांना नळ नव्हता. आई कळशी घेऊन गावातल्या पाटलांच्या विहिरीवर गेली आणि लांबच उभी राहिली. आपण परकी माणसं, कुणी पाणी भरू देईल की नाही, कोण जाणे. तेव्हा पाटलांच्या म्हातारीने आपल्या हातातला दोर आईच्या हातात दिला. "ये गो बाय, आधी तू भर." लहानग्या कुंदाताई आईचं बोट धरून उभ्या होत्या. "सतीश," त्या मला म्हणाल्या, "आपण दरवर्षी स्वागताची यात्रा काढतो. आपलं स्वागत जिथे झालं, तिथे मिनिटभर थांबायला नको?" त्यानंतर मी घोड्याचा विषय काढला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर विनायकराव काकांना भेटायला आले. मीही होतो. यंदा यात्रा कुंदाताईंच्या इमारतीखाली दोन मिनिटं थांबवू, फोटोला हार घालू, असं त्यांनी सुचवलं. माणूस मनापासून बोलत होता, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाई जिवंत असताना एक मिनिट निघालं नाही, आणि आता फोटोसाठी दोन! मी तोंड उघडणार, तोच काकांनी विचारलं, "ढोल इथे थांबतील?"

"थांबतील की."

"मग तिथेही थांबतील. हिचा फोटो नको. विहिरीपाशी थांबा."

विनायकरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मग मान हलवून हो म्हणाले.

पाडव्याला वळणावर ढोल एकामागून एक शांत झाले. कुणी भाषण केलं नाही. आम्ही तिकाटणं हातगाडीवरून उतरवून रस्त्यावर उभं केलं. काकांनी दोर सैल सोडला, कप्पी करकरली आणि बादली खाली जाऊन डांबराला टेकली... विहीर असती तर अजून बरीच खोल गेली असती. काकांना ती वर ओढवेना. कडेला गावातल्या बायका उभ्या होत्या, त्यांतली पाटलांची सून पुढे आली. "द्या काका, मी ओढते," म्हणाली आणि तिने दोर हातात घेतला. मला तेव्हा रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरलंही नाही.

कप्पी मी पुन्हा त्यांच्या बाल्कनीत बसवून दिली. तेल घातलं नाही. परवा काकांसाठी भाजी घेऊन गेलो. गुडघा दुखत होता, म्हणून खालूनच हाक मारली. करकर झाली, रस्त्यावरची दोन माणसं वळून वर बघायला लागली, टोपली माझ्यापुढे आली. तीत पाण्याची बाटली होती. मी आधी पाणी प्यालो, मग भाजी ठेवली.